नीतीचा तास आणि वॉर्डातली रीत

2013 साली चंदीगडमध्ये शिकणारा एक तरुण राहत्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून खाली पडला. डोक्याला जबर मार बसला. जीव वाचला, पण शुद्ध परत आली नाही. त्याचे आईवडील गाझियाबादला राहणारे. पुढची दहा-अकरा वर्षे त्यांनी मुलाला अंथरुणात सांभाळले: नळीतून अन्न घालणे, कूस बदलणे, पाठीच्या जखमा धुणे, ताप आला की पुन्हा दवाखाना गाठणे. 2024 मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. या मुलावरचे उपचार चालू ठेवावेत की थांबवावेत, हे एका वैद्यकीय मंडळाने तपासावे, एवढीच त्यांची मागणी होती. जुलैमध्ये न्यायालयाने ती नाकारली. मुलगा श्वासयंत्रावर नव्हता, बाहेरच्या यंत्राच्या आधाराशिवाय जगत होता, असे त्यामागचे कारण होते. नोव्हेंबर 2024 मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठासमोर घरच्या घरी शुश्रूषेची सोय सरकारने करून देण्यावर बोलणे झाले. 2025 च्या अखेरीस प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आले आणि तपासणीसाठी वैद्यकीय मंडळे नेमली गेली.

या प्रकरणाच्या कायदेशीर बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या प्रस्तावनेचा विषय मात्र त्या खाटेशेजारी उभा असलेला डॉक्टर आहे. नळीतून जाणारे अन्न म्हणजे जेवण की उपचार? बरे होण्याची आशा नाही हे आईला कोणत्या शब्दांत सांगायचे, आणि ते तिला आधीच कळलेले असेल तर काय बोलायचे? थकलेल्या वडिलांची मागणी मुलाच्या हिताची आहे की त्यांच्या थकव्यातून आली आहे, हे कसे ओळखायचे? ओळखता आले तरी, त्या थकव्याला काही किंमत द्यायची की नाही? सीटी स्कॅन या प्रश्नांची उत्तरे देत नाही. मंडळावर बसलेल्या प्रत्येक डॉक्टरला ती कुठेतरी शिकावी लागली असणार. ती कुठे आणि कोणाकडून शिकली जातात, याचा विचार पुढच्या पानांत आहे.

आपल्याकडे या शिक्षणाला अभ्यासक्रमात पक्की जागा मिळून फार वर्षे झालेली नाहीत. आचारसंहिता होती, 2002 ची नियमावली आजही लागू आहे. रुग्णाचे गुपित राखावे, रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेऊ नये, मागितल्यापासून 72 तासांत कागदपत्रे द्यावीत, असे सगळे तिच्यात लिहिलेले आहे. पण विद्यार्थ्याची तिच्याशी गाठ पडायची ती न्यायवैद्यकाच्या पुस्तकातल्या एका प्रकरणात, विषप्रयोग आणि शवविच्छेदन यांच्या शेजारी. परीक्षेपुरते पाठ करायचे आणि पुढे जायचे. 2019 च्या तुकडीपासून देशभरच्या एमबीबीएसला नवा अभ्यासक्रम आला आणि त्याबरोबर वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. कॉलेजांत त्याला ‘एटकॉम’ म्हणतात. डॉक्टर असणे म्हणजे काय, रुग्ण असणे म्हणजे काय, या दोन प्रश्नांनी त्याची सुरुवात होते. पहिल्याच वर्षी एक पाठ शवविच्छेदनाच्या टेबलावरच्या देहाला पहिला गुरू मानण्याविषयी आहे. देहदान करणाऱ्या माणसाने कोणत्या विश्वासाने आपला देह दिला, याचा विचार हातात सुरी घेण्याआधी व्हावा, ही कल्पना फार चांगली आहे.

हे सारे आता गाझियाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयातही शिकवायचे आहे, नागपुरातही, धुळ्यातही. लेखी परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. तासांचा हिशेब ठेवला जातो.

अडचण तासानंतर सुरू होते. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॅफर्टी यांनी 1990 च्या दशकात एक गोष्ट स्पष्टपणे मांडली. विद्यार्थी छापील अभ्यासक्रमातून जेवढे शिकतो त्याहून अधिक न लिहिलेल्या अभ्यासक्रमातून शिकतो. वॉर्डातला राउंड, ऑपरेशन थिएटरातली बोलणी, रजिस्ट्रारचा वैताग, सरांचे मौन, यांतून तो घडतो. हे पटायला अमेरिकेत जायला नको. सकाळी व्याख्यानात रुग्णाची संमती आणि प्रतिष्ठा शिकलेला मुलगा अकराला वॉर्डात जातो. तिथे पडदा न ओढता एका बाईचे पोट उघडे करून सहा जण आळीपाळीने यकृत चाचपतात. तिला कोणी नाव विचारत नाही. ती ‘सात नंबरची गॉलब्लॅडर’ असते. कोणीही दुष्ट नसते. ओपीडीत शेकडोंची रांग असते, खाटा कमी असतात, शिकवायचेही असते. पण मुलगा शिकतो ते हेच, की सकाळचा तास परीक्षेसाठी आणि अकराची रीत आयुष्यासाठी.

म्हणून हा विषय शिकवायचा तर खऱ्या प्रकरणांवरून, आणि तीही शक्यतो आपल्याच मातीतल्या. परदेशी पुस्तकांतले खटले उसने आणण्याची गरज नाही. आपल्याकडे साठा मोठा आहे.

त्यातले एक प्रकरण प्रत्येक मराठी वैद्यकीय विद्यार्थ्याला माहीत असायला हवे. मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या आनंदाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. तिथे मिळेल ते उपचार झाले. मग सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्यात एका डॉक्टरांच्या रुग्णालयात आणले. त्याचे वडील स्वतः डॉक्टर, दौंडला व्यवसाय करणारे. पुण्याच्या डॉक्टरांनी भूल न देता, फक्त मॉर्फियावर, मदतनिसांकडून पाय जोराने ओढवून हाड बसवले आणि प्लास्टर घातले. मॉर्फियाचा अंमल उतरला की मुलगा ठीक होईल, असे वडिलांना सांगण्यात आले. त्याच रात्री आनंदा गेला. वडिलांनी दावा लावला आणि तो ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. 2 मे 1968 रोजी न्यायालयाने डॉक्टरांना निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले. भरपाई होती तीन हजार रुपये. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा हे ठरवताना आणि तो उपचार करताना, अशी तिन्ही ठिकाणी डॉक्टरची काळजी घेण्याची जबाबदारी असते, हे सूत्र या निकालाने दिले. ते आजही देशभरच्या न्यायालयांत उद्धृत होते.

वर्गात हा निकाल कलमासारखा वाचला तर काही हाती लागत नाही. त्यातली संध्याकाळ समोर आणावी लागते. एक डॉक्टर बाप दुसऱ्या डॉक्टरवर भरवसा ठेवून निघतो. खोलीतल्या कोणालाही, मदतनिसालासुद्धा, ‘थांबा, याला सहन होत नाही’ असे म्हणायची सोय नाही. ज्येष्ठाला कनिष्ठाने टोकायचे कसे, आणि टोकलेले ज्येष्ठाने ऐकून घ्यायचे कसे, हा नीतिशिक्षणाचा गाभ्यातला धडा आहे. एटकॉमच्या पुस्तिकेतल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा तो या एका प्रकरणातून अधिक कळतो.

संमतीबद्दलचे दिल्लीचे प्रकरण याच जातीचे. 1995 मध्ये चव्वेचाळीस वर्षांची एक स्त्री दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला गेली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले, की सज्ञान आणि सक्षम रुग्णाच्या वतीने, जिवावर बेतलेले नसताना, आईची संमती चालत नाही. आपल्या समाजात हे अजून नीट रुजलेले नाही. संमतिपत्रावर सही नवऱ्याची, मुलाची, दिराची घेतली जाते. रुग्ण स्वतः शुद्धीत, खाटेवर, दोन हातांवर असतो. घरच्यांना विश्वासात घेणे चांगलेच. पण बाईच्या शरीराबद्दल आधी बाईशी बोलायचे असते, हे वीस वर्षांच्या मुलाला घरात दिसलेले नसते. ते कॉलेजलाच शिकवावे लागणार.

गाझियाबादकडे पुन्हा वळायला हवे, कारण या शहराच्या वेशीवर या विषयाचे दोन मोठे धडे घडले. दिल्लीच्या दिलशाद गार्डनमध्ये गुरु तेग बहादूर रुग्णालय आहे. हद्द दिल्लीची, पण गाझियाबादचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जातात. ऑक्टोबर 2018 मध्ये दिल्ली सरकारने प्रायोगिक तत्त्वावर तिथल्या 80 टक्के खाटा दिल्लीकरांसाठी राखून ठेवल्या. बाहेरच्यांना तपासून मिळे, पण फुकट औषधे आणि चाचण्या बंद. बारा दिवसांत दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पण त्या दिवसांत खिडकीवर बसलेल्या माणसाला ओळखपत्र पाहून ठरवायचे होते, की वेदना कोणत्या राज्यातली आहे. आत बसलेल्या निवासी डॉक्टरनेही त्या रांगा पाहिल्या असणार. सरकारी आदेश आणि समोरचा रुग्ण यांच्यात अंतर पडले तर डॉक्टरने कोणाच्या बाजूने उभे राहायचे? मुंबईत उत्तर भारतातून येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांबद्दल आपल्याकडेही अधूनमधून जी भाषा ऐकू येते, ती आठवली की हा प्रश्न फक्त दिल्लीचा राहत नाही.

दुसरा धडा आशादायक आहे. याच रुग्णालयाला जोडलेल्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये, एटकॉम येण्याच्या कितीतरी आधी, काही अध्यापकांनी साहित्य, नाट्य आणि चित्रकला यांच्या आधाराने वैद्यक शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. डॉ. उप्रीत धालीवाल आणि डॉ. सतेंद्र सिंग ही त्यातली प्रमुख नावे. तिथे विद्यार्थ्यांनी दबलेल्यांच्या रंगभूमीचे प्रयोग केले. सत्ता असलेला आणि नसलेला, दोन्ही भूमिका करून पाहायच्या, आणि बघणाऱ्याने उठून प्रसंगाचा शेवट बदलायचा. डॉ. सिंग स्वतः अपंगत्व घेऊन जगणारे डॉक्टर. अपंग व्यक्तीशी कसे वागायचे, हे भावी डॉक्टरला शिकवलेच पाहिजे, यासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला. पुस्तिका येण्याची वाट न पाहता एखाद्या विभागातले तीन-चार अध्यापक काय करू शकतात, याचे हे उदाहरण आहे.

महाराष्ट्रात याहून जुने आणि अधिक मुळापासूनचे उदाहरण आहे ते सेवाग्रामचे. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. नव्या विद्यार्थ्याने पहिले दिवस शरीररचनेच्या सभागृहाऐवजी आश्रमात काढायचे: प्रार्थना, सफाई, श्रमदान, सूत. अंगावर खादी. मग तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, तिथे मुक्काम करायचा आणि वाटून दिलेल्या कुटुंबांकडे नंतरची वर्षे नियमित जात राहायचे. पूर्वी संस्थेच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारावर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. देशभर एकच प्रवेश परीक्षा आल्यावर ती गेली. खादी घालून कोणी सज्जन होत नाही, हे तिथल्या माजी विद्यार्थ्यांनाही मान्य असेल. पण रुग्णाला त्याच्या घरात, चुलीच्या धुरात आणि कर्जाच्या हिशेबात पाहिलेला विद्यार्थी ‘औषध वेळेवर का घेतले नाही?’ हा प्रश्न वेगळ्या आवाजात विचारतो. नंतर सगळ्या देशाच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा जो उपक्रम आला, त्यासारखे काम सेवाग्रामला पन्नास वर्षे चालू होते. हे ऋण मोकळेपणाने मान्य व्हायला हवे.

आता पैशाबद्दल. याशिवाय हा विषय अर्धवट राहतो, आणि वर्गात नेमका हाच भाग घाईने उरकला जातो.

‘कट’ हा शब्द महाराष्ट्रात रुग्णालाही ठाऊक आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जातात. कोकणात विंचवाने मरणारी मुले त्यांनी प्राझोसिनच्या वापराने वाचवली. 2013 च्या सुमारास त्यांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवले, तर तपासणी केंद्राकडून त्यांच्या नावाने बाराशे रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो ठेवून घेतला नाही आणि थेट महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. रक्कम किरकोळ. म्हणूनच हे उदाहरण वर्गासाठी मोलाचे आहे: मोह बहुतेक वेळा लाखांच्या रूपात येत नाही, तो ‘व्यावसायिक शुल्क’ अशा सभ्य नावाने, पाकिटात, टपालाने येतो. पुण्याच्या डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरच्या 78 डॉक्टरांना बोलते केले, तेव्हा त्यांच्या तोंडून हीच कहाणी अनेक आवाजांत आली. मराठीत ती ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’ या नावाने वाचता येते. कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा महाराष्ट्राने 2017 मध्ये करून घेतला. त्याचा कायदा मात्र झाला नाही.

ज्या विद्यार्थ्याच्या पालकांनी खासगी महाविद्यालयात लाखांनी शुल्क भरले आहे, त्याला पंचविसाव्या वर्षी हा धनादेश परत करायला सांगणे सोपे नाही. त्याला उपदेश करण्याआधी हे मान्य केले पाहिजे. गद्रे-शुक्लांच्या पुस्तकातले प्रामाणिक डॉक्टर एकटे पडल्याची वेदना सांगतात. तेव्हा शिकवायचे आहे ते नकार द्यायला, आणि नकार देणाऱ्या इतरांना शोधून त्यांच्यासोबत उभे राहायला. मुंबईत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वैद्यक परिषदेच्या निवडणुकीतले गैरप्रकार पाहून डॉ. सुनील पंड्या, डॉ. अमर जेसानी, डॉ. संजय नगराळ अशी मंडळी एकत्र आली. 1993 पासून त्यांनी वैद्यकीय नीतीवरचे नियतकालिक चालवले. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ हे त्याचेच आजचे रूप. एकेकट्याची चीड संस्थेत कशी उतरवायची, याचा तो वस्तुपाठ आहे.

डॉक्टर रुग्णाशी कसा वागतो, हे बऱ्याचदा डॉक्टरशी कोण कसे वागले यावर ठरते. 2019 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवला गेला. मार्च 2017 मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी इतके मारले, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्या रुग्णालयात मेंदूचा शल्यविशारद नव्हता आणि ते सांगायची वेळ या तरुणावर आली होती. छत्तीस तासांच्या ड्यूटीवर असलेल्या, अपमान गिळून राहणाऱ्या, सुरक्षारक्षक नसलेल्या वॉर्डात एकट्या उभ्या असलेल्या मुलाला सहानुभूतीचे धडे द्यायचे असतील, तर संस्थेने आधी त्याच्याशी माणसासारखे वागावे. ही अट टाळून केलेले नीतिशिक्षण अन्यायकारक आहे.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनाही हेच लागू. ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने न्यायवैद्यकाच्या नव्या मार्गदर्शिकेत समलिंगी संबंध ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त टाकले. टीका झाल्यावर सप्टेंबरच्या सुरुवातीला ती मागे घ्यावी लागली. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हे सांगणारा 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेव्हा सहा वर्षांचा झाला होता. प्रतिष्ठेचा धडा लिहिणाऱ्यांच्या हातून हे झाले.

गाझियाबादच्या त्या घराशेजारी मराठी वाचकाला अरुणा शानबाग आठवल्याशिवाय राहणार नाहीत. नोव्हेंबर 1973 मध्ये केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर हल्ला झाला आणि मे 2015 मध्ये मृत्यू येईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी पिढ्या बदलत तिला सांभाळले. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याची वाट तत्त्वतः उघडी केली, पण अरुणाच्या बाबतीत परवानगी दिली नाही. केईएमच्या लोकांनीच तिला आपले मानले होते आणि त्यांना ती जगायला हवी होती. 2018 मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, 2023 मध्ये त्याची प्रक्रिया थोडी सोपी झाली. मुंबईच्या परिचारिकांनी ‘चालू ठेवा’ म्हटले, गाझियाबादच्या आईवडिलांनी ‘थांबवा’ म्हटले. दोन्हीकडे वर्षानुवर्षे कूस बदलणारे हात होते. कोणाची माया कमी होती, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वर्गात तासभर बोलले, तर विद्यार्थ्याला कळेल की इथे उत्तरपत्रिका नसते. रुग्णाची इच्छा, वैद्यकीय वास्तव, घरच्यांची अवस्था आणि कायदा, हे सगळे धीराने ऐकून, लिहून ठेवून, सहकाऱ्यांशी बोलून निर्णय घ्यावा लागतो.

वैद्यकीय महाविद्यालयांनी दोन गोष्टी तातडीने कराव्यात. नीतीचा तास एका विभागाच्या गळ्यात न घालता प्रत्येक युनिटच्या प्रमुखाने आठवड्यातून एकदा राउंडमध्येच घ्यावा. आणि अध्यापकाच्या बढतीत त्याच्या शोधनिबंधांइतकेच वजन, तो रुग्णाशी आणि कनिष्ठांशी कसा वागतो याविषयी विद्यार्थी आणि परिचारिका काय सांगतात याला द्यावे. विद्यार्थ्यांना गुण देणाऱ्यांनाही गुण मिळू लागले, तर वॉर्डातली रीत बदलायला वेळ लागणार नाही.

पुढची पाने विद्यार्थ्यांनी एकट्याने वाचू नयेत, अशी विनंती आहे. ओपीडी संपल्यावर युनिटचे प्रमुख, रजिस्ट्रार, इंटर्न आणि परिचारिका यांनी एकत्र बसून एकेक प्रकरण वाचावे, आणि हे आपल्या वॉर्डात घडले असते तर कोण काय बोलले असते, यावर मोकळेपणाने बोलावे. सुरुवात ज्येष्ठांनी करावी.